स्नेअर की पत्र्याचा डबा? नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये तालवाद्यं लिहिताना या चुका टाळा

स्कोअर पूर्ण झाला, स्पेसबार दाबला. व्हायोलिन बरी वाजली, बासरी चालून गेली, आणि स्नेअर ड्रमचा रोल (भराभर सलग ठोके) आला तसं कुणीतरी पत्र्यावर वाटाणे ओततंय असं वाटलं. अशा वेळी बहुतेक जण नवी सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा संच) शोधायला धावतात. मीही धावलो होतो. नव्या लायब्ररीत तेच वाटाणे वाजले, फक्त जरा महागडे.

ड्रमचा ठोका एकदा पडला की पडला. व्हायोलिनचा लांब सूर मागाहून फुलवता येतो, ठोक्याला ती सोय नाही. त्यामुळे कोणता आवाज वाजवायचा, किती जोरात आणि नेमका कधी, एवढंच सॉफ्टवेअर आवाजाच्या इंजिनाला सांगतं. बिघाड बहुधा या तिघांपैकी एकात असतो.

हाय-हॅट लिहिली, काउबेल वाजली

मिडी म्हणजे कोणता सूर कधी वाजवायचा हे वाद्यांना आणि सॉफ्टवेअरना सांगणारी भाषा. १९९१ च्या जनरल मिडी प्रमाणात तालवाद्यांसाठी १० वा चॅनल राखलेला आहे आणि ३५ ते ८१ या क्रमांकांना ४७ आवाज नेमून दिलेले आहेत: ३६ बास ड्रम, ३८ स्नेअर, ४२ बंद हाय-हॅट (पायाने उघडता-मिटता येणारी झांजांची जोडी), ४६ उघडी. मोठ्या सॅम्पल लायब्रऱ्या मात्र हा क्रम पाळतीलच असं नाही. लायब्ररी बदलली की पर्कशन मॅप, म्हणजे कोणत्या क्रमांकावर कोणता आवाज ही यादी, तीही बदलावी लागते; डोरिको या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळी खिडकीच आहे. लायब्ररीच्या माहितीपत्रकात ‘सी १’ असं लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. मधल्या ‘सी’ला, म्हणजे ६० क्रमांकाला, कुणी सी ३ म्हणतं, कुणी सी ४. सगळे आवाज नेमके एका सप्तकाने सरकलेले दिसले तर दोष इथेच. क्रमांक बघून जुळवा.

याचीच धाकटी बहीण म्हणजे हाय-हॅटवरचं गोल चिन्ह. ते कागदावर दिसतं, पण काही वेळा नुसतं चित्रच असतं. प्लेबॅकला त्याचा पत्ता नसतो. चिन्ह किंवा नोटहेड (नोटेचं डोकं) उघड्या हाय-हॅटच्या आवाजाला जोडलेलं आहे का, ते तपासा. आणि बंद हाय-हॅट वाजल्यावर उघडीचा नाद तुटायला हवा. तुटत नसेल तर सॅम्पलरमध्ये (रेकॉर्डिंग वाजवणाऱ्या इंजिनात) दोन्ही आवाज एकाच ‘चोक ग्रुप’मध्ये, म्हणजे एक वाजला की दुसरा थांबतो अशा गटात, टाका.

सगळे ठोके एकाच जोराचे

सगळ्यात मोठी चूक ही. व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याच्या जोराचा आकडा, १ ते १२७ असते आणि स्टाफवर ‘एमएफ’ (मध्यम जोरात) लिहून सोडलं, तर पुढचे दोनशे ठोके जवळपास एकाच आकड्याने वाजतात. माणसाचा हात असं वाजवत नाही. हाय-हॅटच्या आठव्या मात्रा (एट्थ नोट्स) मी साधारण ८५, ६२, ८०, ५८ अशा ठेवतो. दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावरची स्नेअर १०५ च्या पुढे, आणि मधल्या घोस्ट नोट्स (जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके) २५ ते ४० मध्ये. घोस्ट नोट कंसात लिहिली म्हणून ती आपोआप हळू वाजेल, या भ्रमात राहू नका. एकदा तिची व्हेलॉसिटी उघडून बघा.

इथे अनेक जण मिक्सरचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढतात. चांगल्या लायब्ररीत हळू आणि जोरात मारलेल्या ठोक्यांची वेगवेगळी रेकॉर्डिंग असतात, कारण जोर बदलला की कातड्याचा नादच बदलतो. फेडर ओढला तर जोरात मारलेलाच ठोका लांबून ऐकू येतो. व्हेलॉसिटी कमी केली तर वाजवणाराच हळू वाजवतो.

तुमच्या लायब्ररीत असे थर आहेत का, हे कळायला एक चाचणी पुरते. एकच स्नेअर आठ वेळा लिहा आणि व्हेलॉसिटी १२० पासून १५ पर्यंत उतरवत न्या. नुसता आवाज लहान होत गेला, पोत तसाच राहिला, तर थर एकच आहे. मग लायब्ररी बदलायला माझी हरकत नाही. नंतर आठही ठोके सारख्या जोराचे करून ऐका. हुबेहूब एकसारखे वाटले तर ‘राउंड रॉबिन’, म्हणजे एकाच ठोक्याची आलटून-पालटून वाजणारी रेकॉर्डिंग, नाहीत किंवा बंद आहेत. मशीनगनसारखा रोल याच घरातून येतो.

रोल आणि फ्लॅम

दांडीवर तीन रेघा दिल्या की सॉफ्टवेअर बहुधा बत्तिसाव्या मात्रा (थर्टी-सेकंड नोट्स) मोजून वाजवतं. स्नेअरचा किंवा टिंपनीचा रोल खरा हवा असेल तर लायब्ररीतलं रोलचं रेकॉर्डिंग त्या चिन्हाला जोडा. झांजेच्या एकाच लांब नोटेखाली क्रेशेंडोची (जोर वाढवत नेण्याची) कैची काढून आवाज वाढेल अशी अपेक्षाही फोल: ठोका आधीच पडून गेलेला असतो. रोल म्हणूनच लिहा.

फ्लॅम म्हणजे मुख्य ठोक्याला चिकटून आधी पडणारा छोटा ठोका; तो मुख्य ठोक्याआधी साधारण २० ते ३० मिलिसेकंद यावा. १२० च्या लयीत बत्तिसावी मात्रासुद्धा ६२.५ मिलिसेकंदांची होते, म्हणून सॉफ्टवेअरने ग्रेस नोट (या छोट्या ठोक्याची बारीक नोट) तेवढी लांब वाजवली की फ्लॅमचे सरळ दोन ठोके ऐकू येतात. ग्रेस नोटची प्लेबॅक-लांबी कमी करा आणि तिचा जोर मुख्य ठोक्याच्या निम्म्यावर आणा.

उरलेलं थोडक्यात

‘ह्युमनाइज’, म्हणजे ठोके जरासे मागेपुढे सरकवणारी सोय, हा मसाला आहे, भाजी नव्हे. पाच-दहा मिलिसेकंदांपलीकडे गेलात तर वादक कच्चा वाटतो. रिव्हर्ब (जागेचा घुमारा) वाढवण्याआधी ऐका: ऑर्केस्ट्राच्या बऱ्याच सॅम्पलमध्ये सभागृहाचा नाद आधीच मुरलेला असतो, आणि त्यावर दुसरा ओतला की टिंपनीचा नुसता गडगडाट उरतो. उलट, कोरड्या ड्रमकिटला थोडा रिव्हर्ब लागतोच.

आणि मिडी फाइल दुसरीकडे उघडल्यावर ड्रमच्या जागी पियानो वाजला, तर चॅनल बघा. काही प्रोग्राम ० पासून मोजतात. तिथे १० वा चॅनल ९ म्हणून दिसतो.