हाताने घडवलेल्या टाइल्सवर फ्लोअर ग्राफिक सुटत होते, ते असे बसले

लक्षण: चकाकी नसलेल्या मातीच्या टाइल्स, कडा वरखाली. फ्लोअर ग्राफिक म्हणजे जमिनीवर चिकटवायचे छापील विनाइल (प्लास्टिकचा पातळ स्टिकर). ते टाइल्सच्या सांध्यांवर ताणून राहते, वर्दळ सुरू होताच तिथूनच फाटते. जाड विनाइल, कडांना प्रायमर (पकड वाढवणारा द्रव), जोरात रोलर, सगळे फुकट. वैताग आला.

दोष दोन होते. टाइलची भुकटी गोंदाला चिकटत होती आणि कॅलेंडर्ड (रुळांमधून लाटून बनवलेले) विनाइल ताणल्यावर पुन्हा आकसत होते.

आधी टाइल्स झाडून, पुसून पूर्ण सुकवल्या. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने बंद करून रात्रभर ठेवला. खाली दव दिसले असते, म्हणजे टाइलमध्ये ओल असती, तर थांबावे लागले असते. मग पातळ सीलर (भुकटी बांधून ठेवणारा थर), डब्यावरच्या वेळेइतका सुकवून. चिकटवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात.

विनाइल कास्ट (द्रव ओतून बनवलेले, कमी आकसणारे) घेतले, वरचे खरखरीत लॅमिनेट, म्हणजे छपाईवरचा संरक्षक थर, तेही लवचीकच. (कडक लॅमिनेट घातले की कास्टचा फायदा संपला.) आधी टाइलचा मधला भाग दाबला, मग हीट गनने सांधा गरम करून फोमच्या रोलरने विनाइल आत बसवले. शेवटी सांध्यावर ब्लेड हलके फिरवून प्रत्येक टाइलच्या कडेपासून 2-3 मिमी आत कापले आणि कापलेल्या कडा पुन्हा तापवून दाबल्या. सांध्यावरून विनाइल अखंड नेऊच नका.