उजनीचा पाणपसारा उपग्रहचित्रावरून मोजताना

धरणाचं पाणी किती पसरलंय हे घरबसल्या मोजायला सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं पुरेशी आहेत. कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात, फक्त खातं उघडावं लागतं. उजनीसाठी नोव्हेंबर ते मे मधली निरभ्र तारीख निवडा आणि लेव्हल-२ए चंच चित्र घ्या. त्यात वातावरणाचा परिणाम आधीच काढलेला असतो.

आर१०एम (१० मीटरच्या) फोल्डरमधले बी०३ (हिरवा) आणि बी०८ (अवरक्त) हे दोनच बँड, म्हणजे एकेका रंगाच्या प्रकाशाची चित्रं, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि धरणापुरता भाग कापून घ्या. कापायची हद्द पाण्याच्या बाहेर थोडी ऐसपैस ठेवा. मग त्यातल्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (बी०३ − बी०८) / (बी०३ + बी०८) चालवा. पाणी अवरक्त प्रकाश शोषतं, म्हणून तिथे उत्तर साधारण शून्याच्या वर येतं.

उतरवलेल्या मूळ फाइलच्या नावात (बँडच्या नव्हे) एन०४०० हा आवृत्ती क्रमांक किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर दोन्ही बँडमधून आधी १००० वजा करा. या आवृत्त्यांत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात; हा बदल जानेवारी २०२२ मध्ये आला. वजा केलं नाही तर छेद २००० ने फुगतो आणि उत्तरं शून्याकडे ओढली जातात. शून्याचीच सीमा ठेवली तर फारसं बिघडत नाही, ०.१ किंवा ०.२ धरलीत, की काठाचं पाणी मोजणीतून गळतं. हेच गणित जीडॅल या साधनाने कमांड लाइनवर करत असाल तर बँड आधी फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांत) बदला, नाहीतर उणे उत्तराच्या जागी चुकीचे धन आकडे दिसतील.

शून्याच्या वरचे पिक्सेल (चित्रातले ठिपके) मोजा. एक पिक्सेल १०० चौरस मीटर, म्हणजे दहा हजारांचा एक चौरस किलोमीटर. ढग आणि त्यांच्या सावल्या चित्रासोबतच्या एससीएल थरातल्या (त्यात प्रत्येक पिक्सेल ढग, सावली, पाणी अशा वर्गात घातलेला असतो) ३, ८, ९, १० या वर्गांनी वगळा. तो थर २० मीटरचा असतो. १० मीटरवर आणताना ‘निअरेस्ट नेबर’च (जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा घेणारी पद्धत) वापरा, सरासरी काढली की वर्गांचे क्रमांकच निरर्थक होतात.

खरी डोकेदुखी जलपर्णीची. ती अवरक्त प्रकाश भरपूर परतवते, त्यामुळे खालचं पाणी जमीन म्हणून मोजलं जातं. उन्हाळ्यात पाणी हटलेल्या जमिनीवरचं गाळपेराचं पीकही तसंच हिरवं दिसतं. वेगळं ओळखायला पाच दिवसांनंतरचं चित्र शेजारी ठेवा: जलपर्णी वाऱ्याने सरकलेली असते, पीक जागचं हलत नाही आणि त्याला बांधाच्या सरळ कडा असतात. जलपर्णीचे तुकडे हाताने आखून पाण्यात मिळवा. सूत्रात फेरफार करत बसण्यापेक्षा हे लवकर उरकतं.

पावसाळ्यात हा मार्ग जवळजवळ बंदच. तेव्हा सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार घ्या, ते ढगांआडूनही पाहतं. शांत पाणी त्यात काळं दिसतं; वाऱ्याने लाटा उठल्या की उजळतं. तसं झालं तर रडारच्या दोन चित्रांपैकी व्हीव्हीऐवजी व्हीएच (दोन्हींत परतलेल्या लहरींची दिशा वेगळी धरलेली असते) पाहा, त्यावर लाटांचा परिणाम कमी होतो.