स्पीकरमधली ती शिट्टी
गाडीच्या स्पीकरमधून मधूनच बारीक शिट्टी येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो? मग ती बहुधा अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची. सिस्टिम बदलायची घाई नको. आधी मोबाइल चार्जरवरून काढा. चार्जर आणि ऑक्स केबल दोन्ही जोडल्यावरच आवाज येत असेल, तर तो ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जोडली गेल्याने येणारा आवाज. ऑक्सला आयसोलेटर (ही वाट तोडणारी छोटी डबी) लावा किंवा ब्लूटूथवर ऐका. तरीही राहिला तर ॲम्प्लिफायरची अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली, वायर बघा. मला पहिला संशय नेहमी तिचाच येतो: बोल्ट सैल, खाली रंग किंवा गंज, म्हणून खड्ड्यात गाडी आदळली की आवाज येतो-जातो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, मग बोल्ट घट्ट आवळा.