ठाण्यातल्या हॉलसाठी हाय-एंड स्पीकर घेताय? आधी मेजर टेप काढा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतं, बजेट तीन लाख आहे, कुठला स्पीकर घेऊ. मी विचारतो हॉल केवढा, तर उत्तर येतं, अरे टू बीएचके आहे, असतो तेवढा. हे "असतो तेवढा" मला चांगलंच महागात पडलंय. घोडबंदर रोडला राहायला आलो तेव्हा एका शोरूममध्ये ऐकून छातीपर्यंत येणारे टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) उचलले, तिथली डेमो रूम आमच्या हॉलच्या अडीचपट, खाली जाड गालिचा, काय वाजत होते राव! घरी आणून लावले तर तबल्याचा डग्गा म्हणजे कोणीतरी भिंत फोडतंय असं वाटायला लागलं, शोकेसची काच थरथरायला लागली, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन म्हणाल्या, "मिक्सर किती वेळ चालवताय रे?" वर्षभराने विकले, अर्थात तोट्यात.

तर आधी हॉलची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजा आणि 563 ला प्रत्येक आकड्याने भागा. (आवाज सेकंदाला साधारण 1125 फूट जातो, त्याचं हे निम्मं.) आमचा हॉल 16 बाय 10, उंची साडेनऊ. म्हणजे उत्तरं आली 35, 56 आणि 59 हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं, आकडा लहान तितका सूर खालचा). या फ्रिक्वेन्सींवर खोली स्वतःच घुमते, स्पीकर कितीही भारी असला तरी. आमच्याकडे 56 आणि 59 शेजारी-शेजारी बसलेत, त्यामुळे तिथे दुप्पट गोंधळ, आणि माझे ते टॉवर नेमके तिथेच सगळा जोर लावत होते. हॉल चौकोनी म्हणजे 10 बाय 10 असेल तर अजून वाईट. लांबी-रुंदी दोन्हीकडून एकच सूर घुमणार.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, 160-170 स्क्वेअर फुटाच्या हॉलमध्ये टॉवर नको. त्याच पैशात पाच ते साडेसहा इंची वूफरचा (बेस वाजवणाऱ्या कोनचा), स्टँडवर ठेवायचा वरच्या दर्जाचा स्पीकर घ्या. सील्ड म्हणजे बंद पेटी मिळाली तर उत्तम, कारण तिचा बेस खाली हळूहळू उतरतो, ऑक्टेव्हला (सप्तकाला) 12 डीबीने (डेसिबल, आवाजाचं माप), पोर्टवाल्याचा (पेटीला हवेचं भोक असलेल्याचा) 24 ने धाडकन पडतो, आणि छोट्या खोलीच्या भिंती तळाचा बेस थोडा उचलतातच त्यामुळे बंद पेटीचा मेळ छान बसतो. पोर्टवाला आवडला तर पोर्टमध्ये घालायचं फोमचं बूच सोबत येतं का ते विचारा (नसेल तर गुंडाळलेले मोजे, हसू नका, चालतं). बीबीसीने 1970 च्या दशकात एलएस3/5ए नावाचा मॉनिटर (रेकॉर्डिंग तपासून ऐकायचा स्पीकर) बनवला तो बाहेरच्या प्रसारणाच्या व्हॅनमध्ये ऐकण्यासाठी, जेमतेम फूटभर उंचीची बंद पेटी, आणि ते डिझाइन लोक अजून बनवतात आणि अजून विकत घेतात. आपला हॉल त्या व्हॅनपेक्षा मोठा आहे, पण फार नाही.

आता अॅम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अॅम्प्लिफायर. कागदावर 8 ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, जितका कमी तितका अॅम्पवर ताण) लिहिलेलं असतं तो नुसता नाममात्र आकडा, किमान किती ते विचारा. केईएफ कंपनीच्या 2012 सालच्या एलएस50 स्पीकरचं उदाहरण घ्या, नाव 8 ओहम पण खाली 3.2 पर्यंत उतरतो आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक ताकदीत किती मोठा वाजतो ते) 85 डीबी, म्हणजे हलका-फुलका अॅम्प लावला तर बिचारा दमतो. तीन डीबी कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॉट लागतात, हे लक्षात ठेवलं की सेल्समनशी बोलणं सोपं जातं. फ्लॅटमध्ये आठ-नऊ फुटांवर बसणार असाल तर 50-60 दमदार वॉट पुरतात. केबलबद्दल एकच वाक्य: जाड तांब्याची वायर घ्या आणि विषय सोडा.

ऐकायला जाताना शोरूमचं रेकॉर्डिंग नको, तुमचं न्या, शंभर वेळा ऐकलेलं. मी काळी एकमधलं (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा असलेलं) पुरुष गायकाचं ख्यालाचं नेतो. त्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण 69 हर्ट्झ आणि मधला सा 139 च्या आसपास, म्हणजे आपलं गाणं ऐकायला 30 हर्ट्झचा भूकंप लागतच नाही. खर्जाच्या तारेची जवारी (तिचा झणझणता नाद) मोकळी उलगडतेय का, डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड एका दमात वर चढते की मध्येच एखादा सूर फुगतो, एवढं ऐका. आणि दोन स्पीकरची तुलना करताना आवाज सारखा लावायला सांगा, फोनवरचं मीटर चालेल, कारण जरासा मोठा वाजणारा नेहमीच "भारी" वाटतो आणि विकणाऱ्याला ते चांगलं माहीत असतं. दोन दिवस घरी देत असतील तर अनामत ठेवून आणाच, शेवटी वाजणार तुमच्याच हॉलमध्ये.

ठेवताना मी अजून एक माती खाल्ली होती. नवे छोटे स्पीकर आले, खोली घुमणं गेलं, पण गायक जरा अशक्त वाटायला लागला. दोन आठवडे अॅम्पला शिव्या घातल्या. मग टेप लावली तर वूफरच्या तोंडापासून मागची भिंत बरोब्बर दोन फूट. भिंतीवरून उलटा आलेला आवाज मूळ आवाजाला खातो, कुठे खातो त्याचा हिशोब 281 (मघाच्या 1125 चा पाव) भागिले फूट, म्हणजे इथे 140 हर्ट्झ. म्हणजे बुवांचा सा! स्पीकर फूटभर पुढे ओढले, खड्डा 94 वर सरकला, खर्ज आणि सा यांच्या मध्ये, आणि त्या रात्री गाणं भरलं. बायको म्हणाली, फर्निचर हलवायला दोन लाख लागले होय.

बाकी, ट्वीटर (वरचे बारीक सूर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला, सोफा मागच्या भिंतीला चिकटवू नका, आणि हॉलमध्ये टाळी वाजवून बघा, टणटण आली तर व्हिट्रीफाइड टाइल्सवर जाड सतरंजी आणि स्लायडिंगला जाड पडदे. सेकंडहँड घेत असाल तर कोनच्या कडेला फोम आहे का रबर ते बोट न लावता बघा, फोम दहा-पंधरा वर्षांत भुगा होतो आणि खाडीकाठच्या आपल्या दमटपणात त्याचं आणखी हाल. रबर बरं.

आणि खोकी फेकू नका, आतल्या थर्माकोलसकट लॉफ्टवर टाका. माझे टॉवर घ्यायला खारघरहून एक जण टेम्पो घेऊन आला, पहिला प्रश्न "बॉक्स कुठेत?" बॉक्स कधीच भंगारवाल्याकडे गेले होते, मग जुन्या रजया गुंडाळल्या आणि आठ हजार कमी घेतले.