घोड्यांचं रान साफ करताय? या चुका टाळा

माजलेलं रान एकदाचं मोकळं झालं की घोडे लगेच आत सोडायचा मोह होतो. थांबा. घोड्यासाठी सगळ्यात धोक्याचे दिवस हेच असतात. पुरेसा चारा असेल तर उभ्या विषारी झुडपाला घोडा सहसा तोंड लावत नाही. तेच झुडूप कापून जमिनीवर पसरलं की ओळखू येईनासं होतं आणि गवताबरोबर पोटात जातं.

कापलेला पाला जागेवरच सोडणं

यासारखी महागात पडणारी दुसरी चूक नाही. कडू, उग्र वनस्पतींची चव सुकल्यावर बऱ्याचदा मंदावते, विष मात्र तसंच राहतं. कण्हेरीचं घ्या. पानं हिरवी असोत की वाळलेली, त्यांतलं विष थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. मूठभर पानंही घोड्याचा जीव घेऊ शकतात. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे गिळलेलं बाहेर टाकायची सोयच नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी रानात फिरून विषारी झाडं ओळखून घ्या, ती वेगळी कापा आणि त्यांचा शेवटचा डहाळाही कुंपणाबाहेर न्या. कण्हेर जाळू नका, तिचा धूरही बाधतो.

तणनाशक फवारल्यावरही हाच धोका असतो. कोमेजत चाललेली काही तणं घोड्यांना एरवीपेक्षा जास्त आवडतात. लेबलवर चराई किती दिवस बंद ठेवायची ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस पाळाच. विषारी तण असेल तर मुदत संपली तरी ते पूर्ण वाळून नाहीसं होईपर्यंत घोडे बाहेरच ठेवा.

आणि मशीनने कापलेल्या बारीक ओल्या गवताचा ढीग घोड्यापुढे टाकू नका. ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून अनेक जण टाकतात. असा ढीग काही तासांत आतून तापतो, आंबू लागतो, आणि बारीक असल्यामुळे घोडा तो न चावता भराभर गिळतो. त्यातून पोटशूळ होतो, खुरांना लॅमिनायटिसही (खुराच्या आतल्या पडद्यांना येणारी दुखरी सूज) होऊ शकतो. पातळ पसरून जागेवर वाळलेलं साधं गवत वेगळं, ढीग वेगळा.

टोकदार खुंट आणि जुनी तार

कोयत्याचा घाव तिरका बसतो. अंगठ्याएवढ्या जाडीची फांदी तोडली की मागे वीतभर उंचीचा, टोक काढलेला खुंट राहतो. पंधरा दिवसांत गवत वाढून तो झाकला जातो आणि मग दौडणाऱ्या घोड्याचा पाय नेमका त्यावर पडतो. जमिनीलगत आडवा काप घ्या. त्याहून चांगलं म्हणजे मुळासकट उपटा आणि खड्डा भरून दाबून घ्या.

जुन्या रानात काटेरी तार हमखास असते, कधी तर झाडाच्या खोडात रुतून सालीखाली गेलेली. ब्रश कटर किंवा ट्रॅक्टर घालण्याआधी चालत फिरून तार, खिळे, काचा, उघडे खड्डे शोधा. मशीनने तारेचे तुकडे केले की ते वेचणं फार अवघड. जुनी खिळेवाली लाकडं कुरणात जाळू नका. लाकूड जळतं, खिळे राखेत राहतात. काम झाल्यावर मोठं चुंबक फिरवून घ्या.

खुरात खिळा घुसलाच तर लगेच उपटू नका. घोडा जागेवर उभा करा, खिळा आणखी आत जाणार नाही असा आधार द्या आणि पशुवैद्याला बोलवा. खिळा जागेवर असला तर एक्स-रेमध्ये तो कुठवर गेलाय ते दिसतं. धनुर्वात घोड्यांना फार सहज होतो, त्यामुळे रानाचं काम काढण्याआधीच लसीकरण तपासा.

झाडी पुन्हा का फुटते?

कारण बुडखा जिवंत आहे. घाणेरी, सुबाभूळ यांसारखी झाडं नुसती छाटली तर दुप्पट जोमाने येतात. मुळं काढा, किंवा कापल्यावर काही मिनिटांतच ताज्या कापावर योग्य तणनाशक लावा. काप सुकला की ते नीट शोषलं जात नाही. सफाईनंतर काही आठवड्यांनी घोड्याची आयाळ आणि शेपटीचे केस गळू लागले, तर सुबाभळीचे कोवळे फुटवे तो खातोय का ते आधी बघा. तिच्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्यामुळे केस जातात.

फुटव्यांवर शेळ्या हा उत्तम उपाय. घोडे ज्याला तोंड लावत नाहीत ते त्या आवडीने खातात, आणि दोघांचे बहुतेक जंत वेगळे असतात. फक्त त्यांचं खाद्य घोड्यांच्या आवाक्यात ठेवू नका. शेळ्या-गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असतं आणि ते घोड्याला थोड्या प्रमाणातही मारक ठरतं.

उघडी जमीन तशीच ठेवणं

मोकळी माती दिसली की सर्वांत आधी तण येतं. पेरणीची तयारी असेल तेवढाच तुकडा साफ करा, सावलीची निर्धोक झाडं राखा, ओल्या जमिनीत जड यंत्र घालू नका. झटपट हिरवळ म्हणून ज्वारी किंवा सुदान गवत पेरून त्यावर घोडे चारू नका. त्याने मूत्राशय आणि मागच्या पायांच्या नसा बिघडतात. घोडा मागून झोकांड्या खातो, लघवी ठिबकत राहते. नवं गवत चिमटीत धरून ओढा. मुळासकट हातात आलं तर अजून घोडे सोडायची वेळ झालेली नाही.

नंतरची देखभाल

गवत 15 ते 20 सेंमी झाल्यावर घोडे सोडा, 7-8 सेंमीवर आलं की हलवा. एक भाग टक्कल आणि शेजारी कमरेएवढं गवत दिसलं तर कारण लीद आहे. जिथे लीद पडते तिथे घोडे चरत नाहीत. आठवड्यातून दोनदा ती उचला, उंच राहिलेलं गवत 10 सेंमीवर कापा. लीद कुळवाने पसरायची असेल तर कडक, कोरड्या उन्हातच, आणि पुढचे काही आठवडे तो भाग रिकामा ठेवा. ओल्या हवेत पसरली तर जंतांच्या अळ्या सगळ्या कुरणभर होतात.

उचललेल्या लिदीचं खत करताना एवढं बघा: ॲमिनोपायरॅलिडसारखी तणनाशकं घोड्याच्या पोटातून जाऊन लिदीतही टिकून राहतात. फवारलेल्या रानातलं असं खत टोमॅटो किंवा घेवड्याला घातलं तर पानं वळतात, रोप खुरटतं.