बॅटरी पुन्हापुन्हा उतरते? नवी घेण्याआधी हे मोजा

सकाळी किल्ली फिरवली की नुसती किटकिट, मग शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर. दोन-तीनदा असं झालं की बहुतेक जण नवी बॅटरी बसवून मोकळे होतात. बॅटरी खरंच संपलेली असेल तर ठीक. पण दोष गाडीत असेल, तर नवी बॅटरी तो थोडे दिवस झाकते आणि मग तीही बसते. कारणं मुळात तीनच: बॅटरी चार्ज धरत नाही, गाडी तिला नीट चार्ज करत नाही, किंवा गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय. 10 अँपिअरची रेंज असलेला साधा डिजिटल मल्टिमीटर आणि 10 चा पाना एवढ्यावर हे ओळखता येतं.

आधी टर्मिनल पाहा. क्लॅम्प हाताने पिळून बघा, जरा जरी हलला तरी तो ढिला आहे. पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने धुवा, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावा. बॅटरीची झाकणं उघडी असतील तर सोड्याचा थेंबही आत जाता कामा नये. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. उलटं केलंत आणि प्लसवरचा पाना बॉडीला टेकला, तर ठिणग्या उडतात.

वरून चकचकीत क्लॅम्पही आतून खराब असू शकतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर, दुसरी त्याच खांबाच्या क्लॅम्पवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टच्या वर आकडा आला तर सांध्यात घाण आहे. तसंच मायनस खांब आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यात सेल्फच्या वेळी अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे किंवा तिचा बोल्ट सुटलाय.

आता बॅटरी. चार्जरवर पूर्ण चार्ज करून रात्रभर तशीच राहू द्या. चार्जर काढल्या काढल्या मोजलं तर आकडा फुगलेला येतो. सकाळी 12.6 च्या आसपास हवेत. 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी, 12 म्हणजे जेमतेम पाव. मायनस काढून ठेवूनही रात्रीत 12.6 चे 12.2 झाले, तर गाडीचा काही संबंध नाही, बॅटरीच गेली. सेल्फ मारताना व्होल्टेज 9.6 च्या खाली जात असेल तरीही तेच. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावा: भरलेल्या सेलची घनता 1.260 ते 1.280 असते. पाच सेल सारखे आणि एक 0.050 किंवा जास्त खाली असेल, तर तो सेल मेला. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही प्लेटा बुडण्यापुरतं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळपास बिडी-सिगारेट नको.

बॅटरी पास झाली की इंजिन चालू करून टर्मिनलवर मोजा. 13.8 ते 14.7 हवेत. मग हेडलाइट, एसीचा ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर लावा आणि किंचित रेस द्या. आकडा 13 च्या खाली घसरला तर बेल्ट घसरतोय किंवा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) थकलाय. 15 च्या वर जात असेल तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरी उकळवतो. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, तेव्हा एका आकड्यावर निकाल देऊ नका, लोड लावून परत बघा.

हेही ठीक असेल तर उरते करंटची चोरी, म्हणजे गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय. हे काम वेळखाऊ, आणि घाई केली की हमखास चुकतं.

बोनेट उघडं ठेवा. दार उघडं ठेवावं लागत असेल तर त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने ढकलून बंद करा, म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. लाल वायर मीटरच्या 10 अँपिअरच्या सॉकेटमध्ये घाला. मायनसचा क्लॅम्प ढिला करा, पण उचलू नका: एक पिन खांबावर, दुसरी क्लॅम्पवर घट्ट धरून मगच क्लॅम्प वर घ्या. मध्ये संपर्क तुटला तर गाडीतली सगळी मॉड्यूल्स, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, जागी होतात. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर मुळीच नाही, मीटरचा फ्यूज उडेल. गाडी लॉक करा, किल्ली लांब ठेवा आणि 30-40 मिनिटं हात लावू नका. सुरुवातीला दोन-तीन अँपिअर दिसतील, ते टप्प्याटप्प्याने उतरतात. शेवटी 0.05, म्हणजे 50 मिलिअँपिअरच्या आत थांबलं तर ठीक.

0.40 दिसतंय? डिकीतला 5 वॅटचा बल्ब जवळपास एवढाच करंट खातो. दिवसाला 10 अँपिअर-अवर गेले. छोट्या गाडीची 35 अँपिअर-अवरची बॅटरी दोन दिवसांत निम्म्याखाली. डिकी बंद करताना मोबाइलचा व्हिडिओ चालू करून आत ठेवा, दिवा विझतो का ते कळेल.

बाकीचे करंटचोर शोधायला एकेक फ्यूज उपटत बसण्यापेक्षा मीटर व्होल्ट मोजण्यासाठी बदला (आधी क्लॅम्प परत बसवा, लाल वायर व्होल्टच्या सॉकेटमध्ये न्या, गाडीला पुन्हा झोपू द्या) आणि मिलिव्होल्टच्या रेंजवर प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर पिना टेकवा. शून्य आलं तर त्या सर्किटमधून काही जात नाही. 10 अँपिअरच्या फ्यूजवर 1 मिलिव्होल्ट म्हणजे साधारण 130 मिलिअँपिअर. सापडलेल्या फ्यूजवर काय काय चालतं ते झाकणावरच्या तक्त्यात बघा. बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर पहिला संशय घ्या: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, ओबीडी पोर्टमधलं (गाडीचे दोष तपासायच्या सॉकेटमधलं) यंत्र, किल्लीच्या वायरऐवजी थेट बॅटरीवर जोडलेला म्युझिक सिस्टीम.

सगळे फ्यूज शून्य आणि करंट तरी जातोय? मग अल्टरनेटरचा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, खराब असू शकतो. मायनस काढा, अल्टरनेटरची जाड वायर सोडा, तिचं टोक टेपने गुंडाळा आणि करंट पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर अल्टरनेटर दुरुस्तीला जाईल.

कुठेच काही सापडलं नाही, तर गाडी किती उभी असते ते बघा. 30 मिलिअँपिअरची निरोगी गाडीसुद्धा तीन आठवड्यांत 15 अँपिअर-अवर पिते, आणि रोजच्या दोन किलोमीटरच्या फेरीत सेल्फने घेतलेलंही नीट भरून निघत नाही. अशा गाडीला महिन्यातून एकदा रात्रभर चार्जर लावा. गावाला जाताना मायनस काढून ठेवा, त्याआधी म्युझिक सिस्टीमला कोड लागतो का एवढं तपासून घ्या.