फळांच्या सालींनी डाईंगचं पाणी साफ करताय? मग या चुका टाळा

जानेवारी उजाडला की माझ्या लॅबच्या दारात मोसंबीच्या सालींची पिशवी घेऊन कोणीतरी उभं असतंच. ज्यूस सेंटरवाला फुकट देतो, त्यामुळे पिशवी भरगच्च. प्रोजेक्ट तोच, सालीच्या पावडरीने कापडाच्या रंगाचं पाणी साफ करायचं, आणि चुकाही त्याच. इचलकरंजीच्या आसपास राहणाऱ्या मुलांना हा विषय सुचणार नाही तर कोणाला सुचणार, पंचगंगा रोज बघतो आम्ही. विषय वाईट नाहीच. सालीत पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो, त्यावर कार्बोक्झिल गट असतात, ते पाण्यात ऋण भार घेऊन बसतात आणि धन भाराचा रंग ओढून घेतात. कोइम्बतूरच्या नामशिवायम आणि त्यांच्या टीमने 1996 मध्येच संत्र्याच्या सालीवर काँगो रेड, प्रोसिऑन ऑरेंज आणि ऱ्होडामिन बी हे रंग घेऊन हे काम छापलंय. म्हणजे जगात पहिल्यांदा काही करतोय असा आव आणायची गरज नाही, निदान जे करताय ते नीट करा.

रंग गेला म्हणजे सालीनेच नेला असं धरून चालणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एका वर्षी चौघांचा ग्रुप आला, चेहरे फुललेले, "मॅडम, 94 टक्के रिमूव्हल!" काँगो रेड, संत्र्याची साल, पीएच 2. म्हटलं पीएच 2 का घेतला, तर म्हणे एका रिसर्च पेपरात लिहिलंय की ॲसिडमध्ये चांगलं होतं. म्हटलं साल न घातलेला बीकर कुठाय? चौघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

मग त्यांच्यासमोरच केलं. तेच काँगो रेडचं पाणी, त्यात ॲसिडचे थेंब टाकत पीएच 2 वर आणला, साल चिमूटभरसुद्धा नाही. लाल पाणी बघताबघता निळं-जांभळं झालं, कारण काँगो रेड हा मुळात इंडिकेटर आहे, पीएच 5 च्या वर लाल आणि 3 च्या खाली निळा. त्या निळ्या रूपात तो पाण्यात नीट विरघळून राहत नाही, गोळे धरतो. तेच पाणी फिल्टर पेपरमधून गाळलं, खाली जवळजवळ स्वच्छ पाणी, पाणी किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या मशीनवर रीडिंग घेतलं तर 91 टक्के रंग गेलेला. मग मी तो निळा-काळा पडलेला फिल्टर पेपर तसाच फनेलमध्ये ठेवून त्यावर खायच्या सोड्याचं पाणी ओतलं आणि पेपरातून लालभडक धार खाली आली. सगळा रंग तिथेच बसलेला होता! सालीचं कर्तृत्व काय ते 3 टक्के. त्यातली एक मुलगी रडकुंडीला आली, कारण रिपोर्ट बाइंडिंगला गेला होता.

तर माझी सवय सांगते. प्रत्येक खेपेला तीन बीकर: एकात रंग आणि साल, एकात नुसता रंग त्याच पीएचला तेवढाच वेळ हलवलेला, आणि एकात साध्या पाण्यात नुसती साल. तिन्ही एकाच वेळी, एकाच शेकरवर. नंतर वेळ मिळाला तर करू म्हणणाऱ्यांनी आजवर कधीच केलेलं नाही. आणि काँगो रेडला उघड्या हाताने शिवू नका, तो बेंझिडीनपासून बनतो, हे बाटलीवर लिहिलेलं असतं पण वाचतंय कोण.

फिल्टर पेपरचंही तेच. मिथिलिन ब्लू, म्हणजे लॅबमधला नेहमीचा निळा रंग, कागदाला आनंदाने चिकटतो, कागद म्हणजे सेल्युलोजच की. पेपरने रंग खाल्ला आणि क्रेडिट सालीला, असं होतं. मी सेंट्रिफ्यूजच करते, म्हणजे नळी जोरात फिरवून पावडर तळाशी बसवते. नसेल तर पावडर खाली बसू द्या आणि वरचं पाणी अलगद पिपेटने घ्या, दहा मिनिटं थांबलं तर काही बिघडत नाही.

साल न धुता वापरणं

तिसरा बीकर यासाठीच. न धुतलेली मोसंबीची साल साध्या पाण्यात तासभर ठेवा, पाणी चहाच्या पहिल्या उकळीसारखं पिवळट होतं. साखर, पिवळी रंगद्रव्यं, कडू पदार्थ, सगळं बाहेर. एका मुलाचं रीडिंग साल टाकल्यावर वाढत होतं, तो दोन दिवस मशीनला शिव्या देत होता. वर सीओडीही (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजणारा आकडा) वाढतो, म्हणजे रंग काढायला गेलो आणि घाण घालून आलो. केळीची साल तर अजून वाईट, काळं पाणी सोडतच राहते.

धुण्याला शॉर्टकट नाही. बारीक तुकडे, साधं पाणी, मग गरम पाणी, पुन्हा गरम पाणी, धुतलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग ओव्हनमध्ये 60 अंशाला वाळवायची, दळायची, चाळायची आणि पावडर परत एकदा धुवून वाळवायची. या दुसऱ्या धुण्याला सगळे कंटाळतात. मी तर साल आधी चुन्याच्या निवळीत भिजवते, कोहळ्याच्या पेठ्याच्या फोडी घट्ट राहाव्यात म्हणून भिजवतात ना, अगदी तसंच. कॅल्शियम पेक्टिनला धरून ठेवतं, पावडर फुगून गिळगिळीत होत नाही. पण मग निवळी पुरती धुवून काढायची, नाहीतर पीएच चढलेला राहतो आणि सगळे आकडे बोंबलतात.

बाकी किरकोळ. पेपरवर उन्हात वाळवाल तर ढगाळ दिवशी बुरशी नक्की. ओव्हन 150 ला लावून घरी गेलात तर सकाळी कोळसा मिळेल, शिवाय संत्र्याच्या सालीत तेल असतं, ते पेटतं, हॉस्टेलच्या मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको. मिक्सरमधून निघालेली पावडर तशीच वापरू नका, पीठ आणि रवा एकत्र असतो त्यात, 60 मेशची (इंचाला 60 छिद्रांची) चाळणी घ्या. रीडिंग 1 च्या वर गेलं की डायल्यूट करा. पावडर दुप्पट टाकून टक्के वाढले म्हणून नाचू नका, दर ग्रॅमला किती रंग बसला ते बघा, ते बहुतेक घटलेलं असतं. आणि ते सूडो सेकंड ऑर्डर, रंग किती वेगाने बसतो त्याचं समीकरण! टी (वेळ) भागिले क्यू (दर ग्रॅमला बसलेला रंग) विरुद्ध टी, दोन्ही अक्षांवर टी आहे, रेघ सरळ येणारच, रेघ किती सरळ ते सांगणारा आर स्क्वेअर 0.99 आला म्हणून त्यावर दोन पानं लिहू नका.

मिथिलिन ब्लूवर जमलं म्हणजे डाईंगच्या पाण्यावर जमेल

ही दुसरी लाडकी चूक, आणि ही मी स्वतः केलेली आहे. लॅबमध्ये मिथिलिन ब्लू सुंदर जात होता, 664 नॅनोमीटरवर रीडिंग जवळजवळ शून्य, तेव्हा मी उत्साहात एका प्रोसेस हाऊसमधून, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यातून, पाच लिटरचा कॅन भरून आणला. गडद मरून पाणी, हात लावला तर कोमट आणि बुळबुळीत. पावडर टाकली, दोन तास हलवलं, काही नाही. चार तास, काही नाही. रात्रभर ठेवलं तर सकाळी मरून तसाच, वर फेस, आणि पावडरीची खीर झालेली. पीएच बघितला, 10.5. तो आधी बघायचा असतो, पण घाई!

परत कॅन घेऊन गेले तर तिथले डाईंग मास्टर हसायलाच लागले. "मॅडम, तुमचं औषध त्या निळ्यावर चालत असंल, पर आमच्याकडं तसला रंगच नसतंय की. हितं कापूस, म्हणजे रिॲक्टिव्ह. आन् मीठ किती टाकतोय बघितलं न्हाई व्हय?" जिगरजवळ, म्हणजे कापड रंगवायच्या मशीनजवळ, मिठाची पोती रचलेली होती, शेजारी सोडा ॲश.

त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं ते मी वर्षभर पुस्तकात वाचत होते. मिथिलिन ब्लू धन भाराचा, सालीला लगेच चिकटतो, म्हणूनच सगळ्यांना आवडतो. रिॲक्टिव्ह रंगाला सल्फोनेट गट, म्हणजे ऋण भार. साल ऋण, रंगही ऋण, त्यात सोड्यामुळे सालीचा ऋण भार अजून वाढलेला, मग ते एकमेकांना कशाला धरतील? आणि खीर झाली कारण अल्कलीत पेक्टिन सुटून बाहेर येतं.

म्हणून आता मुलांना आधी विचारते, कुठल्या कापडाचं पाणी? ॲक्रिलिकचं असेल तर बेसिक, म्हणजे धन भाराचे, रंग असतील, साल घेऊन या. सुती असेल तर आधी पीएच खाली आणा, आणि तरी नाही जमलं तर सालीचा कोळसा करून बघा किंवा तिच्यावर धन भाराचा गट बसवायचं रसायनशास्त्र शिका, पण मग ते "स्वस्त आणि मस्त" राहत नाही हे रिपोर्टात लिहायची हिंमत ठेवा. खरं पाणी आणायचंच नसेल तर निदान लॅबच्या पाण्यात मीठ आणि सोडा घालून तरी बघा.

हिशोब न करणं

रोज 1 लाख लिटर पाणी, लिटरला 100 मिलिग्रॅम रंग धरला तर दिवसाला 10 किलो रंग. साल ग्रॅमला 20 मिलिग्रॅम धरते असं समजा, म्हणजे रोज 500 किलो वाळलेली पावडर. ओल्या सालीत पाऊण हिस्सा तरी पाणीच, म्हणजे दोन टनांच्या वर ओली साल, रोज, धुवून, वाळवून, दळून. आणि ती धुवायला पाणी किती? हे गणित केल्यावर मुलं गप्प बसतात. एकजण म्हणाला, "मॅडम, जालन्याला शिफ्ट करूया का?" मोसंबी तिथे आहे म्हणून!

आणि वापरलेली पावडर. सिंकमध्ये टाकतात, नाहीतर कॉलेजच्या बागेत खत म्हणून. साल कुजली की रंग सुटला, पाऊस पडला की नाल्यात. मी ती वाळवून झाकणाच्या डब्यात भरते, तारीख आणि रंगाचं नाव लिहिते आणि लॅबच्या घातक कचऱ्यासोबत पाठवते. गेल्या वर्षीचे सहा डबे कपाटात अजून आहेत, कचरा उचलणारी गाडी आलेली नाही.